जेट्टीवर विकला जाणारा 'सॅटेलाइट फोन': ट्रॉलरवाल्यांनो, सावध

गोव्यात मालीम, शापोरा, कुटबण, जिथे कुठे तुमची बोट लागत असेल तिथल्या लोकांना हे वाचून दाखवा. बनावट सॅटेलाइट फोन विकणारा तो माणूस अजून मोकळा फिरतोय.

तो येतो जुलैच्या अखेरीस. 1 ऑगस्टला पावसाळी मासेमारीबंदी उठायची असते. डिझेल, बर्फ, जाळी, शिवाय ओडिशा-झारखंडहून येणाऱ्या खलाशांची उचल, अशी मालकाची नुसती धावपळ चाललेली असते. कोकणी आणि मराठी दोन्ही सफाईदार, हातात पेटी. "किनाऱ्यापासून दहा-पंधरा किलोमीटर गेलं की मोबाइल मेला. मग बोट चालवणारा तुमचा तांडेल कुणाला हाक मारणार?" आता यात खोटं काहीच नाही, आणि तिथेच माणूस अडकतो.

आमच्या दादाने त्याला 45 हजार रुपये रोख मोजले. फोन जाडजूड, वर अँटेना, सोबत दूरसंचार खात्याचं म्हणून शिक्क्याचं परवानगीपत्र. त्यावर आमच्या बोटीचा नोंदणी क्रमांकसुद्धा छापलेला.

चाचणी झाली ती लिलावाच्या शेडमध्ये, पत्र्याखाली. त्याने स्पीकरवर दुबईला फोन लावला आणि पलीकडचा माणूस शेजारच्या बाकावर बसल्यासारखा ताडताड उत्तरं देत होता. खरा सॅटेलाइट फोन टॉवरशी नाही, थेट उपग्रहाशी जोडला जातो, म्हणून त्याला मोकळं आकाश लागतं, छपराखाली तो लागत नाही. शिवाय तो विकणारा या फोनला इनमारसॅट या उपग्रह कंपनीचा म्हणत होता. ते उपग्रह जवळपास 36 हजार किलोमीटर वर असतात, त्यामुळे आपण बोलल्यावर उत्तर यायला निदान अर्धा सेकंद जातोच. हे ज्याला ठाऊक आहे त्याला तिथल्या तिथे संशय आला असता. जेट्टीवर कुणाला ठाऊक असणार?

पहिल्याच फेरीत मोबाइलचं टॉवर सुटलं आणि त्याच मिनिटाला हाही बंद. बोट परतल्यावर दादाने स्क्रू काढले. आत साध्या सिमचे दोन खाचे, आणि अँटेना म्हणजे पोकळ नळी. तिच्यात एक तार होती, ती कशालाच जोडलेली नव्हती!

फोन करून जाब विचारला तर म्हणाला, "जा की पोलिसात. विनापरवाना सॅटेलाइट फोन बाळगला म्हणून आधी तुम्हालाच आत घेतील." खरा धंदा हा आहे. 26/11 च्या हल्लेखोरांकडे थुराया कंपनीचा सॅटेलाइट फोन होता. आपल्याकडे थुराया आणि इरिडियम या कंपन्यांचे फोन चालत नाहीत, परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन जवळ ठेवणंही गुन्हा आहे आणि गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुणे यापायी अडकलेत. म्हणून फसलेला माणूस गप्प बसतो. आम्ही विचारायला लागलो तेव्हा आजूबाजूचे आणखी मालक हळूच बोलते झाले.

आम्ही वकील घेऊन गेलो. आमच्या हातात होतं ते खेळणं, सॅटेलाइट फोन नव्हेच, त्यामुळे आमच्यावर काही आलं नाही. फसवणूक आणि बनावट सरकारी कागद, अशी तक्रार नोंदवून घेतली.

खरा फोन हवाच असेल तर बीएसएनएलमार्फत इनमारसॅटचा परवाना घ्या. महाग आहे, कागदपत्रंही पुष्कळ लागतात, पण रस्ता तो एवढाच. मत्स्य संपदा योजनेतून 1 लाख बोटींवर फुकट ट्रान्सपॉन्डर बसवायचे आहेत. त्यावरून टॉवर नसतानाही छोटे संदेश जातात-येतात. मत्स्योद्योग खात्यात चौकशी करा. बोटीवरच्या व्हीएचएफ वायरलेसचं 16 नंबर चॅनल, म्हणजे संकटात हाक मारायचं चॅनल, चालू ठेवा, आणि तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर किनाऱ्यावरच्या माणसाकडे लिहून द्या.

आणि एक. आमच्या परवानगीपत्रावरचा जावक क्रमांक आणि शेजारच्या बोटीच्या पत्रावरचा जावक क्रमांक एकच निघालाय. तुमच्या घरी असं पत्र पडलं असेल तर लाजेपोटी फाडू नका. ते घेऊन पोलीस ठाण्यात या, तपासाला तेच लागतंय.