पंख्याची वायर काढून विकलेला ‘सायलेंट’ पीसी

घरी गाणी रेकॉर्ड करायची म्हणून ‘खास स्टुडिओसाठी बनवलेला, फक्त १५ डेसिबल’ असा डेस्कटॉप कुणी तुमच्या गळ्यात मारत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. तसलाच एक मी घेतला. त्याच्या पोटात काय निघालं ते सांगते.

दाखवताना मशीन चालू होतं आणि कान लावला तरी काही ऐकू येत नव्हतं. कॅबिनेटला आतून जाड फोम, झाकण वजनदार. विक्रेत्याने रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडून एक ट्रॅक वाजवूनही दाखवला. एकच ट्रॅक, त्यावर एकही प्लगइन (आवाजावर परिणाम चढवणारं जोड-सॉफ्टवेअर) नाही. एवढ्याशा कामाने प्रोसेसर तापत नाही, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

गिटार आणि गळा एवढंच होतं तोवर घरीही तक्रार नव्हती. मग एका गाण्यात ट्रॅक वाढले, रिव्हर्ब (घुमण्याचा परिणाम) चढले, सॅम्पल वाजवणारा पियानो आला आणि आवाजात चटचट सुरू झाली. बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचे जेवढे तुकडे (सॅम्पल) हाताळतो तो आकडा, १२८ वरून १०२४ वर नेला. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल म्हणजे साधारण २.७ मिलिसेकंद आणि १०२४ म्हणजे २१. इतका अवधी मिळाल्यावर गाताना हेडफोनमध्ये आपलाच आवाज मागून येतो, पण निदान चटचट तरी थांबायला हवी. थांबली नाही. विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: तुमचा ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) बिघडलाय. नंतर म्हणाला, विंडोज पुन्हा टाका. टाकलं. तेच.

एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवलं तेव्हा दिसलं की प्रोसेसर १०० अंशांना टेकतोय आणि जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग पाडतोय. कॅबिनेट उघडलं. मागच्या पंख्याची वायर मदरबोर्डला जोडलेलीच नव्हती. निसटली म्हणावं, तर ती गुंडाळून प्लास्टिकच्या टायने बांधलेली होती! पुढचे पंखे बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) सर्वात कमी वेगावर अडकवून ठेवले होते, म्हणजे आत कितीही तापलं तरी ते वेग घेणार नाहीत. आणि ज्या जाळीतून हवा आत यायची, तिच्यावरच फोम चिकटवलेला. शांतता आली होती ती अशी.

वायर जोडली, फोम काढला, बायोस पूर्ववत केलं. चटचट गेली आणि मशीनचा खरा आवाज बाहेर पडला. मागचा पंखा ८० मिलिमीटरचा होता. १२० किंवा १४० मिलिमीटरचा पंखा सावकाश फिरून जेवढी हवा काढतो, तेवढी काढायला या चिमुकल्याला जिवाच्या आकांताने फिरावं लागतं. शिवाय खाली एक जुनी हार्ड डिस्क होती, दाखवताना बहुधा स्लीपमध्ये घातलेली. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०, आणि नेमकी तीच १२० हर्ट्झची गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये सापडली. असल्या खालच्या आवाजाला फोम अडवत नाही. तो पत्र्यातून टेबलात आणि टेबलातून माइकच्या स्टँडमध्ये चढतो. ‘नवी’ म्हणून दिलेली एसएसडी क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तपासली, तर ती आधीच हजारो तास चाललेली. तोवर मला आश्चर्य वाटायचं बंद झालं होतं.

एवढ्याशा घरघरीने काय होतं, असं रेकॉर्डिंग न करणारे विचारतात. कंप्रेसर (मोठे-लहान आवाज एका पातळीला आणणारा) लावला की गाण्यातल्या मोकळ्या जागा वर येतात आणि त्यांच्यासोबत घरघरही. त्याच खोलीत एकावर एक ट्रॅक घेत गेलात तर दर दुपटीला हा गोंगाट साधारण ३ डेसिबलने चढतो.

त्या १५ डेसिबलबद्दल. रात्रीची शांत झोपायची खोलीसुद्धा ३० डेसिबलच्या आसपास असते, त्यामुळे १५ हा आकडा साध्या खोलीत मोजताच येत नाही. किती अंतरावरून आणि किती लोडवर मोजलं हे सोबत नसेल तर आकडा फेकून द्या. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे लांब उभं राहून कुठलंही मशीन शांत ठरवता येतं.

घेताना प्रोसेसरला पूर्ण ताण देणारं सिनेबेंच किंवा प्राइम९५ अर्धा तास चालवायला लावा आणि तेवढा वेळ तिथून हलू नका. बाजूला एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवा. तापमानाइतकंच प्रत्येक पंख्याच्या फेऱ्यांकडे बघा. जिथे ० दिसतं त्याचं कारण विचारा. काही चांगल्या एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि ग्राफिक्स कार्डांचे पंखे कमी लोडला मुद्दामच थांबतात, पण अर्ध्या तासाच्या मारानंतर कॅबिनेटचा पंखा थांबलेला असायला काही कारण नाही. शक्य असेल तर आपला कंडेन्सर माइक न्या आणि घरी जेवढ्या अंतरावर असेल तेवढ्यावरच ठेवून रेकॉर्ड करा.

मला पैसे परत मिळाले नाहीत. ‘कॅबिनेट तुम्ही उघडलंत, वॉरंटी संपली’ हे एक कारण. दुसरं बिलातच होतं: ‘असेंबल्ड कॉम्प्युटर, नग १’. त्यात ना पंख्याचं नाव, ना डिस्कचं, ना ‘सायलेंट’ हा शब्द. जुनी एसएसडी त्यानेच घातली हे मी कशाच्या आधारावर सिद्ध करणार? म्हणून प्रत्येक भागाचं मॉडेल आणि सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या, आणि ते नंबर कॅबिनेट उघडून तिथेच, त्याच्यासमोर ताडून बघा.