४×५ शीटवर आकाश डागाळतंय: ट्रे, टँक की ड्रम?

गंगापूर धरणाच्या पाण्यावरचं मोकळं आकाश ४×५ इंची शीट फिल्मच्या (मोठ्या कॅमेऱ्यात एकेक घालायच्या सुट्या फिल्मच्या) निगेटिव्हवर आलं की डेव्हलपिंगमधली बारीकशी चूकही उघडी पडते. गोदाघाटाच्या पायऱ्यांमध्ये तीच चूक लपून जाते. म्हणून नवं साहित्य मागवण्याआधी दोष नेमका कुठला, ते ठरवा. सावलीतल्या एकरंगी भिंतीवर, लेन्स फोकसबाहेर ठेवून, दोन शीट सारख्याच एक्सपोज करा. टँकमध्ये एकीची नॉच (शीटच्या काठावरची ओळखखाच) वर, दुसरीची खाली ठेवा. डाग दोन्हींत नॉचच्या हिशोबाने एकाच जागी आला तर कॅमेऱ्याचा बेलोज (घडीचा भाता), फिल्म होल्डर किंवा लेन्स तपासा. टँकच्या हिशोबाने एकाच जागी आला, तर डेव्हलपिंग चुकतंय.

त्यातही आधी डेव्हलपिंगची वेळ बघा. एचपी-५ प्लस ही फिल्म एचसी-११० या डेव्हलपरच्या बी प्रमाणातल्या द्रावणात २० अंशांना ५ मिनिटं घेते. नाशिकच्या मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी तिशी गाठतं. द्रावण २४ अंशांवर आणलं तरी हाती साडेतीन मिनिटं उरतात. एवढ्या वेळात ओतण्यातले १५ सेकंदही आकाशात दिसतात. तीच फिल्म आयडी-११ या डेव्हलपरमध्ये, निम्मं पाणी घालून (१:१), २० अंशांना १३ आणि २४ ला साधारण ९ मिनिटं घेते. पद्धत कोणतीही निवडा, हा बदल आधी करा. द्रावण थंड करायला फ्रीझरमधली बंद बाटली भांड्याबाहेरच्या पाण्याच्या टबात ठेवा, बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नका.

ट्रे सगळ्यात स्वस्त, आणि एका वेळी एकच शीट केली तर आमच्या मते सगळ्यात एकसारखा. ८×१० चा ट्रे, १ लिटर द्रावण. शीट साध्या पाण्यात मिनिटभर भिजवा, मग इमल्शन (चित्र उमटणारा थर) वर ठेवून एका झटक्यात बुडवा. ट्रेची पुढची कड उचला, मग डावी, मागची, उजवी. क्रम मोडत राहा. नुसतं डावं-उजवं केलं की लाट ठरलेल्या लयीत आपटते आणि दोन काठ जास्त काळे येतात. चार शीट एकत्र करायच्या तर प्रत्येक वेगळी भिजवा. कोरड्या शीट एकमेकींना चिकटतात आणि चिकटल्या जागी मोठा फिकट पट्टा उरतो. दर ७-८ सेकंदांनी तळातली शीट काढून वर ठेवा, म्हणजे अर्ध्या मिनिटात गठ्ठा एकदा फिरतो. धोका ओरखड्यांचा: एकीचा कोपरा दुसरीच्या ओल्या इमल्शनमध्ये रुततो. शिवाय फिक्सर (चित्र पक्कं करणारं द्रावण) होईपर्यंत मिट्ट काळोख हवा. बाथरूमचा व्हेंटिलेटर बंद करून आत दहा मिनिटं बसा. फट असेल तर तेवढ्यात दिसते.

असा काळोख मिळत नसेल तर टँक. एसपी-४४५ या शीट फिल्मच्या टाकीत ४ शीट आणि ४७५ मिली द्रावण. पॅटरसनच्या तीन रिळांच्या टाकीत मॉड-५४ (शीट धरणारा सांगाडा) बसवलं तर ६ शीट आणि १ लिटर. द्रावण कमी पडलं की वरच्या काठाला फिकट पट्टा. काळ्या भागाखाली फिकट ओघळ दिसले तर हलवणं कमी पडलंय. काठ किंवा टाकीतल्या होल्डरच्या कडेच्या जागा गडद आल्या तर जोर जास्त, तोही एकाच दिशेने. पहिली ३० सेकंद सलग, पुढे दर मिनिटाला १० सेकंदांत चार वेळा उलटं-सुलटं करा आणि दर वेळी टाकी पाव वळसा फिरवा. मॉड-५४ ला नुसती दांडी फिरवून भागत नाही. बारीक गोल पारदर्शक ठिपके बुडबुड्यांचे. टाकी सुरुवातीला ओट्यावर दोनदा आपटा. एसपी-४४५ मध्ये शीटच्या पाठीवर राहिलेले रंगीत पट्टे मात्र डेव्हलपिंगचे नसतात. टाकीतला होल्डर टेकल्या जागी फिल्मच्या पाठीचा रंग धुतला गेलेला नसतो. शीट बाहेर काढून ट्रेमध्ये परत धुवा.

महिन्याला बऱ्याच शीट होत असतील तरच ड्रमचा, म्हणजे आडवा ठेवून रोलरवर फिरवायच्या टाकीचा, खर्च पटतो. जोबो ३०१० या ड्रममध्ये १० शीट बसतात आणि त्या छान एकसारख्या येतात. सतत हलत असल्याने वेळ १५ टक्क्यांपर्यंत कमी करावी लागते, म्हणून इथेही आयडी-११ १:१ सारखं सावकाश काम करणारं द्रावण बरं. ४ शीट म्हणजे ८० चौरस इंच, ३५ मिमीच्या एका रोलएवढं क्षेत्रफळ. त्याला एचसी-११० चं किमान ६ मिली कॉन्सन्ट्रेट धरा, म्हणजे १० शीटना १५ मिली. रोलर एकाच दिशेने फिरत असेल तर दर अर्ध्या मिनिटाला ड्रम उचलून डावं टोक उजवीकडे येईल असा ठेवा. खाली गवंड्याची पाणसळ लावून बघा: बैठक कलती असली तर एका टोकाच्या शीट फिकट येतात. वीज गेली तर ड्रम हाताने ओट्यावर लोळवत राहायचा, थांबायचं नाही.