नोकरी सांभाळून एमबीए: शनिवार-रविवारचं की दूरशिक्षणाचं?

खात्यातली पोरं अधूनमधून फोन करून हेच विचारतात की सर एमबीए करायचंय, वीकेंडचं घेऊ की इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचं दूरशिक्षणाचं. मी दोन्ही बघितलंय, एक सोडलं आणि एक पूर्ण केलं, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

आधी कशासाठी करायचं ते स्वतःशी पक्कं करा. बढतीसाठी करणार असाल तर माझा अनुभव असा की त्यानं सेवाज्येष्ठता यादीत जागा हलत नाही, सेवापुस्तकात नोंद होते तेवढीच. माझं कारण वेगळं होतं. मी कृषी खात्यात, नगर जिल्ह्यात तालुक्याला होतो. २०२० च्या डिसेंबरात शेतमालाच्या व्यवसायाला मदत करणारा राज्याचा स्मार्ट प्रकल्प सुरू झाला आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांचे, म्हणजे शेतकरीच सभासद असलेल्या कंपन्यांचे, प्रस्ताव टेबलावर यायला लागले. एका कांद्याच्या कंपनीचा प्रकल्प आराखडा सीएनं करून दिला होता, जाडजूड, पाच वर्षांचा नफा-तोटा वगैरे सगळं. त्या कंपनीचे अध्यक्ष स्वतः शेतकरी, दहावी शिकलेले, त्यांनी मला विचारलं, "साहेब, हंगामात सभासदांचा कांदा घ्यायला रोख पैसा लागंल, तो ह्याच्यात कुठं धरलाय?" मला सांगता आलं नाही. बीएस्सी ॲग्री झालं, एमपीएससी झालं, करपा कुठला आणि फुलकिडे कुठले ते बांधावरून सांगेन पण ताळेबंद वाचता येत नव्हता आणि त्याच कागदावर मी शिफारशीची सही करणार होतो. त्या रात्री मला खरंच झोप लागली नाही. आजकाल आपल्याकडं निम्मं काम हेच झालंय, बचत गटांचा माल, गोदामं, ई-टेंडर, सरकारच्या जेम पोर्टलवरची ऑनलाइन खरेदी, आणि समोर कन्सल्टंट बसलेला असतो जो आपल्यापेक्षा ही भाषा जास्त सफाईनं बोलतो.

तर २०२२ च्या जुलैत पुण्यातल्या एका संस्थेत वीकेंडचा एक्झिक्युटिव्ह, म्हणजे नोकरदारांसाठीचा, एमबीए घेतला. सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा २०२० च्या फेब्रुवारीपासून लागू झालेला, शनिवार मोकळा, त्यामुळे वाटलं जमेल. आणि खरं सांगतो शिकवणं फार चांगलं होतं. वर्गात चाकणच्या कारखान्यातला एक खरेदी मॅनेजर होता, त्यानं पुरवठादाराशी भाव कसा ठरवतात ते कँटीनमध्ये चहा पिताना जे समजावलं ते मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नाही. आपण सरकारी माणसं एकमेकांतच जास्त वावरतो, तिथं बाहेरच्या लोकांत बसल्यावर डोकं वेगळं चालायला लागतं. ही बाजू वीकेंडवाल्यांची आहे आणि ती मोठी आहे.

पण अडचण होती मुख्यालय, म्हणजे नेमणुकीचं गाव, सोडण्याच्या परवानगीची. ज्यांची नोकरी फिल्डवरची आहे त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. सुट्टी असली तरी मुख्यालय सोडायचं तर वरिष्ठांना कळवून परवानगी घ्यायची, म्हणजे दर शुक्रवारी दुपारी माझा तो एक अर्ज ठरलेला. साहेब चांगले होते, नाही कधी म्हणाले नाहीत, पण दर शुक्रवारी विचारायला जायचं म्हटलं की सकाळपासूनच पोटात गोळा यायचा, त्यात शुक्रवारी संध्याकाळी ग्रुपवर मेसेज पडायचा की उद्या अकरा वाजता व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स) आहे, सर्वांनी मुख्यालयी उपस्थित राहावे. एकदा तर स्वारगेटला उतरलो आणि तिथूनच उलटी एसटी धरली. मग त्या ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला, सोयाबीन पाण्यात, कांद्याची रोपं गेली, पंचनामे सुरू. तलाठी, ग्रामसेवक आणि आमचे कृषी सहायक चिखलातून गट नंबर शोधत फिरतायत, ३३ टक्क्यांच्या वर नुकसान आहे की नाही त्यावर शेतकऱ्याची मदत ठरणार, आणि मी शनिवारी पुण्यात मार्केटिंगच्या तासाला बसणार? मनालाच पटलं नाही. सलग चार आठवडे गेलो नाही, हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली, परीक्षेला बसता आलं नाही. संस्थेचा नियम होता, त्यांची चूक नाही. पण पहिल्या सत्राची फी गेली, आणि बायकोनं सोनं गहाण न ठेवता कशीबशी जुळवलेली ती रक्कम होती, ते अजून लागतं मनाला.

तिसराही एक रस्ता आहे, अध्ययन रजा घेऊन पूर्णवेळ करायचं. १९८१ च्या रजा नियमांत तरतूद आहे पण परत येऊन नोकरी करीन असा बाँड लिहून द्यावा लागतो, आणि अभ्यासक्रमाचा तुमच्या कामाशी संबंध आहे हे पटवून द्यावं लागतं. घरची जबाबदारी कमी असेल तर जरूर बघा, माझी तेव्हा दोन मुलं शाळेत होती.

मग २०२३ च्या जुलै सत्राला इग्नू. फी मी भरली तेव्हा सगळी मिळून साठ-पासष्ट हजारांच्या आसपास, वीकेंडच्या फीपुढं फारच कमी, पण फीमुळं मी निर्णय घेतला नाही. जास्तीत जास्त चार वर्षं मिळतात, परीक्षा जून आणि डिसेंबरला, एखादा पेपर राहिला तर पुढच्या वेळी द्यायचा. २०२४ ला लोकसभेची ड्युटी, त्याची ट्रेनिंगं आणि लगेच खरीप, त्यामुळे जूनला दोनच पेपर दिले, बाकीचे विधानसभा उरकल्यावर डिसेंबरला. दर शुक्रवारी कुणाला अर्ज नाही, कुणाला उत्तर द्यायचं नाही. नंतर नाशिक जिल्ह्यात बदली झाली तर परीक्षेचा फॉर्म भरताना केंद्र तिकडचं निवडलं. आपल्याकडं तीन वर्षं भरली की बॅग भरायची तयारी ठेवावी लागते, आणि वीकेंडचं कॉलेज काही आपल्यामागं येत नाही.

दूरशिक्षणाचा तोटा म्हणजे एकटेपणा. पहाटे पाचला उठून अकाउंटिंग फॉर मॅनेजर्स एकट्यानं वाचताना एखादी गोष्ट अडली तर आठवडाभर अडलेलीच राहते. मी त्यावर उपाय म्हणून त्याच कांद्याच्या कंपनीचे जुने हिशेब अध्यक्षांच्या परवानगीनं मागून घेतले आणि प्रत्येक धडा त्यावर करून बघायचो, खेळतं भांडवल, म्हणजे अध्यक्षांनी विचारलेला तो हंगामातला रोख पैसा, मला तिथं समजलं, आणि शेवटचा प्रोजेक्टही त्यावरच केला. डिग्रीला किंमत आहे का असं विचाराल तर मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे हे यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

तुमचं पोस्टिंग पुण्यात किंवा मंत्रालयात असेल, टेबलाचं काम असेल, शनिवार खरोखर तुमचा असेल तर मी वीकेंड नको म्हणणार नाही, ती संगत मोलाची आहे. तालुक्याला असाल, महसूल, कृषी, पंचायत समिती असं काही, तर माझं मन दूरशिक्षणाकडंच झुकतं.

एक करा, प्रवेशाआधी पूर्वपरवानगीचा अर्ज टाका आणि त्यात वर्ग नाहीत, फक्त परीक्षेचे दिवस रजा लागेल असं स्पष्ट लिहा. माझा वीकेंडचा अर्ज अडीच महिने फिरला होता, इग्नूचा पंधरा दिवसांत सही होऊन आला. आणि शेतीशी संबंधित खात्यात असाल तर जुलै सत्रालाच प्रवेश घ्या, जानेवारीचा घेतला तर पहिलीच परीक्षा पेरणीत येते.