पश्चिमेच्या खिडकीची गळती: पीयू सीलंट आणि छज्ज्याचं काम, अख्खा पावसाळा काढल्यानंतर

आमचं घर रत्नागिरीजवळ, समुद्रापासून दोन-अडीच किलोमीटर आत. भिंती चिऱ्याच्या. पूर्वी वर कौलं होती आणि वळचण इतकी पुढे आलेली की खिडकीला पाणी शिवायचंच नाही. पश्चिमेच्या पडवीला मे महिन्यात नारळीच्या झावळ्यांचे झाप बांधले की झडीची चिंता मिटायची. पुढे स्लॅब टाकला, खिडक्यांवर दीड फुटाचे छज्जे आले आणि लाकडी चौकटींच्या जागी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसल्या. घर नेटकं झालं, पण आईच्या खोलीतली पश्चिमेची खिडकी पहिल्याच पावसाळ्यात गळायला लागली. चार पावसाळे गळली. या मे महिन्यात तिचं काम केलं, आता हस्त नक्षत्रही सरलं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणून तो पूर्ण अंगावरून गेल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

पाणी दिसायचं ते नेहमी एकाच जागी, खिडकीच्या आतल्या बाजूला, खालच्या उजव्या कोपऱ्यात. आधी पुट्टीला फुगवटा, मग पोपडे, मग आईच्या पलंगामागे हातभर ओल. श्रावणात तिथे काळी बुरशी धरायची. आईला दम्याचा त्रास आहे, त्यामुळे दरवर्षी आर्द्रा लागली की तिचा पलंग आम्ही माजघरात आणायचो. खिडकीतून दिसणारा फणस तिने लावलेला आहे. ते तीन महिने तिला तो दिसत नसे, आणि ते माझ्या फार जिवाला लागायचं.

पहिल्या वर्षी खिडकी बसवणाऱ्याने बाहेरून चौकटीभोवती पारदर्शक सिलिकॉन मारून दिलं. लावताना व्हिनेगरसारखा वास येतो, ते. दुसऱ्या पावसाळ्यात तेच सिलिकॉन प्लास्टरवरून अख्ख्या पट्टीने सुटून हातात आलं. काचेला आणि ॲल्युमिनियमला हा प्रकार चांगला धरतो, पण सिमेंट अल्कधर्मी असतं आणि या सिलिकॉनमधून सुकताना आम्ल सुटतं. त्यामुळे प्लास्टरवर त्याची पकड टिकत नाही. हे मला नंतर कळलं. त्यानंतर पुन्हा तसलंच सिलिकॉन मारून घेतलं. मग तिसऱ्या वर्षी बाहेरच्या भिंतीला महागडा वॉटरप्रूफ रंग दिला. ओल तिथेच राहिली, रंगाला मात्र फोड आले, कारण चिरा पाणी पितो आणि आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायची वाटच त्या रंगाने बंद केली.

यंदा रंग नाही, सीलंट नाही, आधी पाणी कुठून येतं ते बघायचं असं ठरवलं. आमचे गवंडीकाका चाळीस वर्षं हेच काम करतात. मी त्यांना कोपरा दाखवला तर त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलंच नाही. "पाऊस थांबल्यावर किती वेळ येतं?" एवढंच विचारलं. मी सांगितलं, तासभर तरी. "मग बाई, ते या फटीतलं नाय. फटीतलं पाणी पावसाबरोबर बंद होतं. हे कुठंतरी साठून येतंय."

मेमधल्या कोरड्या सकाळी नळी लावून तपासणी केली. काका बाहेर शिडीवर, मी आत, दोन्ही फोन स्पीकरवर. आतल्या कडप्प्यावर मी टाल्कम पावडर पसरली, म्हणजे पहिला थेंब कुठून कुठे गेला ते नीट उमटतं. नियम एकच होता: खालून वर जायचं, आणि प्रत्येक टप्प्याला १५ मिनिटं द्यायची. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि काहीच कळत नाही.

आधी बाहेरच्या कडप्प्यावर पाणी सोडलं, आत कोरडं. मग खिडकीच्या खालच्या ट्रॅकमध्ये सोडलं, तर ट्रॅक भरला आणि पाणी सरळ आत सांडलं. ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूला पाणी जायला बारीक भोकं असतात. दोनपैकी एकात कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं आणि दुसरं चक्क सिलिकॉनने बुजलं होतं, म्हणजे पाणी अडवायला म्हणून मारलेल्या सिलिकॉननेच पाण्याची वाट अडवली होती. ब्लेडने ते काढलं, माडाच्या हिराने माती टोकरली, पुन्हा पाणी सोडलं तर झरझर बाहेर गेलं. मला वाटलं, सापडलं! काका म्हणाले, "अजून वर जायचंय."

दोन्ही बाजूंच्या फटी तपासल्या, कोरड्या. वरची फट, कोरडी. मग नळी छज्ज्यावर ठेवली. १५ मिनिटं झाली, काही नाही. नळी काढा म्हणणार होते, तेवढ्यात उजव्या बाजूच्या उभ्या चौकटीतून काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटलं. कान लावला. ॲल्युमिनियमच्या पोकळीत, अगदी आतून, टप... टप... टप. आणखी सहा-सात मिनिटांनी खालच्या स्क्रूच्या भोकातून पहिला थेंब पावडरीवर पडला, कोऱ्या चहाच्या रंगाचा, गंजलेल्या स्क्रूवरून आलेला. मी तशीच उकिडवी बसून बघत राहिले. चार वर्षं ज्याला शोधत होतो तो थेंब तो होता.

छज्ज्यावर शिडी लावून पाहिलं तेव्हा सगळं जुळलं. छज्ज्याला बाहेर उतार हवा, इथे उजवीकडचा भाग किंचित भिंतीकडे झुकलेला, त्यामुळे तिथे डबकं साचायचं. छज्जा काँक्रीटचा आणि त्यावरची भिंत चिऱ्याची. दोन वेगळ्या जिनसांच्या सांध्यावर प्लास्टरला केसाएवढी तड गेली होती. डबक्यातलं पाणी त्या तडीतून भिंतीत, तिथून चौकटीच्या वरच्या स्क्रूच्या भोकात, मग पोकळीतून खाली. शिवाय छज्ज्याच्या खालच्या अंगाला खाच नव्हती. खाच असली की पाणी कडेलाच तुटून पागोळी होऊन पडतं. नसली की ते छज्ज्याच्या पोटाला चिकटून मागे भिंतीपर्यंत चालत येतं.

काम दोन दिवसांत झालं. तड ग्राइंडरने इंग्रजी व्हीसारखी कापून मोकळी केली, पॉलिमर घातलेल्या सिमेंट-वाळूने भरली, छज्जा आणि भिंत यांच्या कोनात गोलाईचा वाटा (कोन बुजवणारी सिमेंटची गोलसर कड) काढला आणि उतार बाहेर करून घेतला. वरून फायबरची जाळी दाबून वॉटरप्रूफिंगचे दोन हात. पोटाला कडेपासून दीड इंच आत ग्राइंडरने खाच मारली. तिला जेमतेम पाऊण तास लागला, आणि माझ्या मते पैशाच्या मानाने सगळ्यात मोठा गुण याच खाचेने दिला.

चौकटीभोवतीचं जुनं सिलिकॉन पूर्ण काढलं. हे किचकट आहे, आमची एक अख्खी दुपार त्यात गेली, पण त्याचा बारीक थर जरी राहिला तरी त्यावर दुसरं काही धरत नाही. फटीत आधी फोमची गोल दोरी दाबून बसवली, म्हणजे सीलंट फटीच्या तळाला न चिकटता फक्त दोन बाजूंना चिकटतं आणि उन्हाने चौकट प्रसरण पावली तरी ताण खातं. मग पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, म्हणजे सुकल्यावर रबरासारखं लवचीक राहणारं, भरलं. ट्रॅकची भोकं सोडून, हे काकांना तीनदा सांगितलं. ६०० मिलीचं एक सॉसेज (सीलंटचं लांबट पाकीट) आणि थोडं, म्हणजे दोन आणावी लागली. उरलेलं ठेवता येत नाही, हवेतल्या दमटपणाने गनमध्येच घट्ट होतं. मजुरीसकट सगळा खर्च सात हजारांच्या आत. आधीच्या तीन वर्षांत याच्या दुप्पट गेले होते.

आता पावसाळ्याचा अनुभव. मृग साधाच गेला. तरण्या पावसात, म्हणजे पुनर्वसू नक्षत्रात, तीन दिवस सलग झड होती, वारा नैऋत्येचा, खिडकीवर सरळ मारा. मी रात्री दोनदा उठून चौकटीला कान लावला. आवाज नाही. कोपऱ्यावर तळहात ठेवला, कोरडा. म्हाताऱ्या पावसातही, म्हणजे पुष्यातही, तसंच. छज्ज्याच्या कडेला पागोळ्यांची सरळ रांग पडते आणि पोट कोरडं राहतं, हे पाहायला मी मुद्दाम छत्री घेऊन बाहेर जाऊन उभी राहिले.

दोन गोष्टी नमूद करायला हव्यात. एक, ऑगस्टमध्ये एकदा ट्रॅकमध्ये पाणी तुंबलं, कारण मुंग्यांनी भोकात माती भरली होती. ती भोकं दर पंधरा दिवसांनी हिराने साफ करावी लागतात, त्याला इलाज नाही. दोन, पश्चिमेच्या उन्हाने सीलंटचा पृष्ठभाग पिवळट झालाय आणि बोट फिरवलं की किंचित भुकटी येते. पकड घट्ट आहे, नखाने उचलून पाहिलं. पण यावर रंग बसतो, सिलिकॉनवर बसत नाही. तेव्हा पाऊस संपताच बाहेरच्या रंगाचा एक हात द्यायचा, तो मेमध्येच द्यायला हवा होता.

भिंतीतली जुनी ओल मात्र लगेच गेली नाही. जुलैअखेर तो डाग तसाच दिसत होता आणि आमचा धीर सुटत होता. पेन्सिलने त्याच्या कडेने रेघ मारून तारीख लिहिली. गणपतीपर्यंत डाग रेघेच्या चार बोटं आत आला होता. चिरा जसा हळू पितो तसा सुकतोही हळूच. पुट्टी आम्ही अजून लावलेली नाही, दिवाळीनंतर लावू.

आईचा पलंग यंदा हलला नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीवरचा छज्जाही तसाच बिनखाचेचा आहे. तुळशीचं लग्न झालं की काका यायचे आहेत, तोवर मी त्याच्यावरही नळी लावून ठेवणार आहे.