सत्त्याऐंशी टक्क्यांचा फिल्टर

रिपोर्ट खोटा असता तर निदान पोलिसात तरी गेलो असतो. आमच्या एअर फिल्टरच्या पुरवठादाराने दिलेल्या चाचणीच्या रिपोर्टमध्ये लॅब खरी होती, सही खरी होती, आकडाही खरा होता. तरी मी लाखाच्या वर बुडालो. हा गृहस्थ अजून धंद्यात आहे आणि त्याच्यासारखे बरेच असणार, म्हणून नाव न घेता सगळं लिहून ठेवतो.

भोसरीत आमचं छोटं मोल्डिंग युनिट आहे. डोळ्यांत घालायच्या औषधाच्या बाटल्यांची नोझल आणि झाकणं आम्ही करतो. गिऱ्हाईक औषध कंपन्या, त्यामुळे मशीन आयएसओ ८ दर्जाच्या क्लीनरूममध्ये. तिथली हवा एएचयूमधून, म्हणजे हवा गाळून आत ढकलणाऱ्या यंत्रातून येते. आधी प्री-फिल्टर, मग चार फाइन फिल्टर, आणि शेवटी छतात दहा हेपा, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारे महागडे फिल्टर. फाइन फिल्टरचं खरं काम हेपाला जगवणं. हेपा धुता येत नाही, भरला की फेकायचा आणि नवा आणायचा. म्हणून त्याच्या अलीकडे एक स्वस्त शहीद उभा करतात.

आमचा जुना पुरवठादार एका फाइन फिल्टरला ६५०० रुपये घ्यायचा. हा नवा माणूस मामांच्या ओळखीने आला. आमच्याच तासगावकडचा. पहिल्या भेटीत द्राक्षांची पेटी घेऊन आला आणि भाव सांगितला ४१००. "घरचं काम हाय दादा. तुम्हाला वाईट माल घातला तर गावात तोंड कुठं दाखवू?" असं म्हणून त्याने पिशवीतून रिपोर्ट काढला. दोन पानं, पिन मारलेली. पहिल्या पानावर ८७ टक्के हा आकडा पिवळ्या पेनाने रंगवलेला, शेजारी ०.४ मायक्रॉन. म्हणजे त्या आकाराच्या शंभर कणांतले ८७ फिल्टर अडवतो. खोक्यावर एफ ७ हा फाइन फिल्टरचा दर्जा छापलेला. मी मेकॅनिकलचा डिप्लोमावाला. ०.४ मायक्रॉनला ८७ म्हणजे उत्तम, एवढं मला कळत होतं. त्याच्या पुढचं कळायला दुसरं पान उलटावं लागतं. ते मी उलटलं नाही.

फिल्टर बसवले त्याच दिवशी एक गोष्ट डोळ्यांसमोर होती. पहिल्याच पानावर दाब-फरक, म्हणजे फिल्टरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या हवेच्या दाबातला फरक, लिहिला होता ५५ पास्कल, म्हणजे पाण्याचे साधारण साडेपाच मिलिमीटर. हा फरक दाखवणाऱ्या आमच्या डीपी गेजवर नव्या कोऱ्या फिल्टरला १४ मिलिमीटर दिसत होते. जुने फिल्टरही नवे असताना १२-१३ दाखवायचे, म्हणून मला काही खटकलं नाही. उलट मेंटेनन्सचा मुलगा म्हणाला, "सर, रिपोर्टपेक्षा जास्त दाखवतंय." मी त्याला गेज तपासायला सांगितलं. गेज बरोबर होता.

नऊ महिने सुखात गेले. रूममधले कण मोजले की पास. आयएसओ ८ ला एका घनमीटरमध्ये ०.५ मायक्रॉनचे आणि त्याहून मोठे कण ३५,२०,००० पर्यंत चालतात, आम्ही त्याच्या बरेच आत. फाइन फिल्टर निकामी असला तरी हेपा त्याची सगळी पापं पोटात घेतो आणि खोलीतला आकडा स्वच्छ येतो. बिघाड दिसतो तो हेपाच्या गेजवर, तोही हळूहळू. आमचे हेपा नवे असताना १३ मिलिमीटर होते, नऊ महिन्यांत ३८ वर गेले. हवा कमी पडायला लागली, एअरलॉक आणि रूममधला दाबाचा फरक टिकेना. आमच्याकडे हेपा तीन वर्षं सहज जातात.

पीएओ चाचणीला, म्हणजे हेपाची गळती तपासायला आलेल्या मुलाने सगळे हेपा तपासले. गळती एकाही ठिकाणी नाही. जाताना म्हणाला, "सर, हेपा चांगलेत, पण यांच्या पोटात फार गेलंय. अलीकडचा फिल्टर एकदा बघा." एक हेपा काढून बघितला तर आत येणाऱ्या बाजूने चुण्या काळ्याकुट्ट. भोसरीतला धूर, फाउंड्रीची काजळी, सगळं थेट तिथवर पोचलेलं.

दहा हेपा, ११ हजारांचा एक. पुन्हा बसवणं, पुन्हा पीएओ, दोन दिवस बंद राहिलेलं उत्पादन. फाइन फिल्टरच्या एका संचावर मी ९६०० रुपये वाचवले होते.

त्याला फोन केला. तो रागावला नाही, घाबरलाही नाही. म्हणाला, "लॅब टू लॅब व्हेरिएशन असतंयच की दादा. फिल्टर टेस्टिंग काय सोनं तोलणं नव्हं." आणि स्वतःहून आणखी तीन रिपोर्ट पाठवले, मला गप्प करायला. त्या तीन रिपोर्टांनीच त्याला उघडं पाडलं.

पहिला, दुसऱ्या एका लॅबचा, त्याच मॉडेलचा, तेवढ्याच हवेवर. आकडा ७९. म्हणजे लॅबलॅबमध्ये फरक पडतो हे या माणसाला आधीपासून माहीत होतं. दोन आकडे हातात होते, पिवळ्या पेनाने रंगवला तो वरचा. व्हेरिएशन त्याला फक्त माझ्या तक्रारीच्या वेळी आठवलं.

दुसऱ्यात होते ९८ टक्के. हा आकडा वजनावरचा होता, ज्याला अरेस्टन्स म्हणतात. मोजमापासाठी बनवलेली धूळ हवेत सोडायची आणि तिच्यातलं किती वजन अडलं ते बघायचं. आता १० मायक्रॉनच्या एका कणाचं वजन १ मायक्रॉनच्या हजार कणांएवढं असतं. मोठी चार ढेकळं अडली की वजनात फिल्टर पास. काजळीचे कण सगळे निसटले तरी काट्यावर दिसत नाहीत. आपल्याकडे कोटेशनमध्ये नुसतं '९० टक्के, १० मायक्रॉन' असं सर्रास लिहितात. ते वजनाने की संख्येने, हे मी वीस वर्षांत कुणाला विचारलेलं नव्हतं.

तिसरा ९४ टक्क्यांचा. हा तर फिल्टरचाच नव्हता. फिल्टरमधल्या कागदाचा, म्हणजे मीडियाचा, सपाट तुकडा तपासला होता. चौकट, गोंद, चुण्या, गॅस्केट यातलं काहीच त्यात नाही.

मग बसलो आणि मूळ रिपोर्टचं दुसरं पान वाचलं. हवेचा प्रवाह: ताशी १७०० घनमीटर. आमच्या मापाच्या, दोन फूट बाय दोन फुटाच्या फिल्टरला नेहमीचा प्रवाह ३४०० धरतात. आपल्या भाषेत २००० सीएफएम (मिनिटाला घनफूट), आणि आमचा एएचयू जवळपास तेवढाच चालतो. निम्म्या वेगाने हवा गेली की बारीक कणांना धाग्याला चिकटायला जास्त वेळ मिळतो, टक्केवारी चढते आणि दाब-फरक उतरतो. ५५ पास्कलचं कोडं तिथेच सुटलं. यात लॅबची काही चूक नाही. गिऱ्हाईक सांगेल त्या प्रवाहावर ती तपासते आणि तसं लिहून देते. खाली बारीक अक्षरात आणखी दोन ओळी: नमुना ग्राहकाने आणून दिला, आणि निकाल फक्त तपासलेल्या नमुन्यापुरता. तो नमुना आणि माझ्या खोक्यातला फिल्टर एकाच लॉटचे होते का, याचं उत्तर कागदावर कुठेच नाही.

त्याच्याकडून घेतलेला दुसरा संच स्टोअरमध्ये न उघडता पडला होता. त्यातले दोन फिल्टर मी स्वतःच्या खर्चाने दोन वेगळ्या लॅबना पाठवले. या तपासणीला जो खर्च आला त्यात फिल्टरचा आख्खा संच आला असता. पण आता ईर्षेचा प्रश्न होता. पाठवताना लेखी सांगितलं: ३४०० वरच तपासा, आणि आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावून धाग्यांवरचा चार्ज, म्हणजे विद्युतभार, काढल्यावर पुन्हा तपासा.

हे आयपीए प्रकरण मला पहिल्या लॅबमधल्या मॅडमनी फोनवर समजावलं. त्यांनी विचारलं, "कोविडमध्ये एन ९५ मास्कवर सॅनिटायझर मारू नका असं सांगायचे, आठवतं?" आठवत होतं, कारण शिकवूनसुद्धा आमच्या घरात सगळे मारायचे. त्या मास्कच्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार भरलेला असतो, त्या जोरावर विरळ कापडही बारीक कण ओढून घेतं. अल्कोहोल लागलं की तो भार जातो आणि उरतं नुसतं विरळ कापड. स्वस्त सिंथेटिक फिल्टरचंही तेच. नवा असताना भारामुळे आकडा झकास येतो. वापरात काजळी आणि तेलकट धूर धाग्यांवर बसत गेला की भार झाकला जातो, काही आठवड्यांत आकडा खाली येतो. म्हणून आयएसओ १६८९० या फिल्टर-चाचणीच्या मानकामध्ये फिल्टर एक दिवस आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाफेत ठेवून पुन्हा तपासतात. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही आकडे द्यावे लागतात, आणि ईपीएम १ हा (१ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांसाठीचा) दर्जा हवा असेल तर नंतरचा आकडाही ५० च्या खाली चालत नाही. अमेरिकन अ‍ॅशरे ५२.२ या मानकामध्येही भार घालवायची पायरी आहे, पण ऐच्छिक. नुसता मर्व्हचा, म्हणजे त्या मानकातल्या दर्जाचा आकडा दाखवणाऱ्याने ती केली की नाही, हे विचारल्याशिवाय कळत नाही. मॅडमनी हेही सांगितलं की खोक्यावरचं एफ ७ ज्या ईएन ७७९ या युरोपीय मानकामधून आलं ते मानक २०१८ मध्येच मागे घेतलंय. बाजारात अजून सगळे एफ ७, एफ ८ च बोलतात. मीसुद्धा.

निकाल आले. पहिली लॅब: ०.४ मायक्रॉनला नवा असताना ७१, भार काढल्यावर २२. दुसरी लॅब: ६६ आणि २६.

आता यात फरक आहेच. पाच आणि चार टक्क्यांचा. तो कुठून येतो हेही मी खोदून विचारलं, कारण 'व्हेरिएशन' हा शब्द आता डोक्यात बसला होता. कण मोजणारं यंत्र प्रकाशाच्या विखुरण्यावरून कणाचा आकार ठरवतं. त्याच्या कॅलिब्रेशनमध्ये थोडा फरक असला तर एक यंत्र ज्याला ०.४ म्हणेल त्याला दुसरं ०.५ म्हणेल, आणि या आकारांच्या आसपास फिल्टरची टक्केवारी झपाट्याने बदलते. चाचणीसाठी हवेत सोडलेल्या मिठाच्या कणांवरचा विद्युतभार नीट काढला नसेल तर ते धाग्यांना जास्त चिकटतात आणि आकडा फुगतो. फिल्टर बसवताना गॅस्केटच्या कडेने हवा निसटली तर आकडा पडतो. आर्द्रता आहे, प्रवाह मोजण्यातली चूक आहे. शिवाय एकाच लॉटमधले दोन फिल्टर तरी कुठे जुळे असतात. हे सगळं मान्य. पण असा फरक कधी वर जातो, कधी खाली. ८७ चे २२ करायला लॅबमधली चूक पुरत नाही, तिथे निम्मा प्रवाह आणि उतरलेला चार्ज लागतो. त्या ईएन ७७९ मध्येसुद्धा एफ ७ ला भार काढल्यावर किमान ३५ लागायचे. दोन्ही लॅबमध्ये हा त्याच्या खालीच.

त्याच्या बिलावर 'फाइन फिल्टर एफ ७' असं छापलेलं होतं. माझ्या हातात तेवढाच एक धागा लागला. दोन्ही रिपोर्ट जोडून वकिलाकडून पत्र धाडलं. महिनाभराने त्याने स्टोअरमधल्या संचाचे पैसे परत दिले, तेही दोन फिल्टरचेच. लॅबला गेलेले दोन 'उघडलेला माल' म्हणून नाकारले. हेपाच्या नुकसानीबद्दल वकील म्हणाले, ते फाइन फिल्टरमुळेच झालं हे कोर्टात सिद्ध करण्यात आणखी दोन लाख जातील. मी सोडून दिलं. मामा अजून म्हणतात, "तो पोरगा वाईट नाही रे, त्याला त्यातलं काय कळतं." कळत नसतं तर १७०० वर कशाला तपासून घेतलं असतं?

आता माझ्या खरेदीच्या ऑर्डरमध्ये अर्धं पान फिल्टरवर असतं. टक्केवारी संख्येने, कुठल्या आकाराच्या कणावर. चाचणी आख्ख्या फिल्टरची, आमच्या प्रवाहावर. चार्ज काढण्याआधीचा आणि नंतरचा आकडा वेगवेगळा. लॅबला एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेची) मान्यता असेल तर ती नेमक्या याच चाचणीसाठी आहे का, हे मी त्यांच्या साइटवर लॅबच्या स्कोपमध्ये बघतो, कारण मान्यता लॅबला सरसकट नसते, एकेका चाचणीपुरती असते. आणि शेवटची अट: आलेल्या मालातला कुठलाही एक फिल्टर मी निवडीन, मी ठरवीन त्या लॅबला पाठवीन, पाच-सात टक्के इकडेतिकडे चालतील, त्याहून खाली आला तर लॉट परत आणि चाचणीचा खर्च तुमचा.

ही ऑर्डर मागच्या महिन्यात तीन जणांना पाठवली. एकाने दोन दिवसांत सगळे कागद दिले, भाव ७२००. दुसऱ्याने फोन करून विचारलं, "सर, आयपीए कशाला? फिल्टर दारूत बुडवणार आहात का?" तिसऱ्याचं उत्तर अजून आलेलं नाही.