गॅस इंजिनच्या बचतीचा कागद कोणी दाखवला तर आधी हे वाचा

आमचं चाकणला छोटं शॉप आहे, ५० एचपीचा एअर कॉम्प्रेसर दिवसभर चालू असतो आणि लाइट बिलात सगळ्यात मोठा वाटा त्याचाच. पाइपलाइनचा गॅस आला तसा एक इंजिन विकणारा मागेच लागला, मोटर सोडा, गॅसवर चालवा, खर्च निम्मा होईल. समोर बसून हिशोब मांडला त्याने. एक एससीएम (स्टँडर्ड घनमीटर) गॅस म्हणजे साधारण ९,००० किलोकॅलरी, ८६० किलोकॅलरीचं एक युनिट, म्हणजे एससीएमला दहा युनिटं, गॅस ५० रुपये म्हणजे युनिट पाच रुपयाला, आणि महावितरणचं तुम्हाला सगळं धरून दहाला पडतं. लाल पेनने पाचवर गोल केला.

यात एकही आकडा खोटा नाही, आणि फसवणूक इथेच आहे. ती दहा युनिटं उष्णतेची आहेत, शाफ्टवर, म्हणजे कॉम्प्रेसर फिरवणाऱ्या दांड्यावर, मिळणारी नाहीत! एवढं इंजिन फार तर ३० टक्के शाफ्टवर देतं, बाकीची गरमी सायलेन्सर आणि रेडिएटरमधून जाते, म्हणजे हातात येतात तीन युनिटं. मोटर ९२ टक्क्यांच्या आसपास देते. त्याच्या कागदावर तासाला साडेतीन एससीएम होते, इंजिन घेऊन बसवल्यावर फुल लोडला गॅस मीटरवर बाराच्या आसपास निघाले. म्हणजे गॅसचे तासाला ६०० रुपये, मोटरवर तेच काम ४०० मध्ये होत होतं. कॉम्प्रेसर अनलोडला गेला, म्हणजे हवा न दाबता नुसता फिरत राहिला, तरी इंजिन गॅस पीतच राहतं ते वेगळंच.

वर डिमांड चार्ज, म्हणजे युनिटांशिवाय मागणीवर लागणारा आकार, पूर्ण वाचेल असं लिहिलेलं. पण मोटर स्टँडबायला ठेवा असं त्यानेच सांगितलं, मग काँट्रॅक्ट डिमांड (महावितरणशी ठरलेली जास्तीत जास्त मागणी) कमी कशी करणार? तो चार्ज चालूच. ऑइल, प्लग, फिल्टर, पुढे ओव्हरहॉल, यातलं काही त्या पानावर नव्हतं. गॅसच्या करारात कमीत कमी उचल असते, तेवढा गॅस वापरा नाहीतर पैसे भरा, त्यामुळे इंजिन बंद करूनही लगेच सुटका नाही. याचा मला फार राग आहे, कारण हे सगळं त्या माणसाला पक्कं माहीत होतं.

आता तो फोन उचलत नाही. वकील म्हणाले धंद्यासाठी घेतलेली मशीन, ग्राहक आयोगात टिकणं कठीण. म्हणून ऑर्डरवरच लिहून घ्या, फुल लोडला आणि अर्ध्या लोडला तासाला किती एससीएम, आणि तुमच्या शॉपवर तुमच्या मीटरवर ट्रायल होईपर्यंत मोठी रक्कम सोडू नका.