ट्रेमोलो घ्यायचाय: बेहरिंगर, जोयो, की थोडं थांबून बॉस?

ट्रेमोलो हा गिटारचा इफेक्ट म्हणजे कुणीतरी शेजारी बसून तुमच्या अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम ठेक्यात वरखाली करतंय, एवढंच. सूर जागचा हलत नाही, त्याचा जोर तेवढा हेलकावतो. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या ब्रिजला (तारा जिथे टेकतात तिथे) जी दांडी असते तिलाही ट्रेमोलोच म्हणतात, पण ती सूर हलवते, म्हणजे तो खरा व्हिब्राटो. आणि फेंडरच्याच ट्विन रिव्हर्ब या अ‍ॅम्पवर ज्या चॅनेलला ‘व्हिब्राटो’ लिहिलंय त्यातून बाहेर पडतो तो ट्रेमोलो. हा घोळ १९५४ मध्ये स्ट्रॅट आली तेव्हापासून चालत आलाय, त्यामुळे दुकानात ‘ट्रेमोलो’ मागितल्यावर समोर त्या दांडीच्या स्प्रिंगा आल्या तर त्या पोऱ्याला हसू नका.

काम इतकं साधं असल्यामुळेच या एका इफेक्टमध्ये स्वस्त पेडल (गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये जोडायची, पायानं चालू-बंद करायची डबी) घ्यायला मी बिचकत नाही. स्वस्त रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा) पत्र्यासारखा वाजतो, स्वस्त ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारा) मधमाश्यांसारखा गुणगुणतो. ट्रेमोलोत मात्र बिघडायला फारसं काही नसतं. जे बिघडतं ते नेमकं कुठे, एवढं माहीत असलं की झालं.

बेहरिंगरचा यूटी३०० आणि बॉसचा टीआर-२ यांच्यावर तेच तीन नॉब आहेत: रेट (वेग), वेव्ह (लाटेचा आकार) आणि डेप्थ (खोली). बॉसचं पेडल १९९७ पासून बाजारात आहे आणि बेहरिंगरनं सरळ त्याच्यावर डोळा ठेवून आपलं बनवलंय. भाव रोज बदलतात, पण बॉसच्या एका पेडलच्या पैशात बेहरिंगरची साधारण तीन येतात. डोळे मिटून ऐकलं तर घरातल्या छोट्या प्रॅक्टिस अ‍ॅम्पवर मला फरक सांगता येत नाही. डोळे उघडल्यावर मात्र लगेच कळतो. बॉसला धातूची डबी आहे, बॅटरी बदलायला पुढचा स्क्रू हातानं सैल केला की झाकण उघडतं. बेहरिंगर अख्खा प्लास्टिकचा. त्याची बॅटरी पायपट्टीखाली दडलेली असते आणि ती पट्टी काढायला दोन्ही बाजूंच्या बिजागरीच्या खिळ्या पेनाच्या टोकानं दाबाव्या लागतात. हे एकदा गाण्याच्या मध्ये, अंधारात करून बघा. अडॅप्टरवरच वाजवणार असाल तर हा मुद्दा सोडून द्या.

जोयोचा जेएफ-०९ वेगळ्या जातीचा आहे. दोनच नॉब, वेग आणि खोली. डबी धातूची, ट्रू बायपास (बंद असताना गिटारचा आवाज थेट पुढे जातो), पायानं दणकून दाबली तरी चालते. यात वेव्हचा नॉब नाही, आणि खरा निर्णय इथेच होतो.

वेव्ह डावीकडे असताना आवाज त्रिकोणी चढउतार घेतो, मऊ, पाळण्यासारखा. उजवीकडे नेत गेलात की लाट चौकोनी होत जाते आणि आवाज कात्रीनं कापल्यासारखा चालू-बंद होतो. संथ बॅलडमागे किंवा सर्फ रॉकच्या चालीत मऊ लाट पुरते. एकच कॉर्ड धरून त्यातून ठेका काढायचा असेल तर चौकोनी हवी, आणि मग जोयो बादच. मूअरचा छोटा ट्रेलिकॉप्टरही मऊ घराण्यातलाच. पेडलबोर्डवर जागा नसेल तर बघा, पण त्यात बॅटरी बसत नाही.

यांतल्या कुठल्याच पेडलवर टॅप टेम्पो (पायानं ठेका देऊन वेग ठरवायची सोय) नाही, त्यामुळे वेग कानानंच जुळवायचा. गाणं मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत असेल तर एका ठोक्यात दोन हेलकावे म्हणजे सेकंदाला चार, तीन घेतले तर सहा. ड्रमर लय पळवणारा असेल तर चौकोनी लाट तुम्हाला उघडं पाडते, मऊ लाट सांभाळून घेते. बँडमध्ये वाजवणाऱ्यानं हे आधी स्वतःशी कबूल करावं.

आता कुरकुर. पेडल चालू केल्यावर आवाज पडल्यासारखा वाटतो. टीआर-२ वर ही तक्रार इतकी जुनी आहे की लोक त्याला डाग देऊन दुरुस्त करून घेतात. कारण साधं आहे: लाट आवाज फक्त खाली ओढत असेल, तर सरासरी कमीच होणार. सोसायटीच्या गणपतीत माझ्या तेव्हाच्या एका स्वस्त पेडलवर डेप्थ पूर्ण ठेवून मी सोलोला पाय दिला आणि ढोलकी व कीबोर्डच्या मध्ये गिटार नाहीशीच झाली. पहिल्या रांगेतल्या काकू, माझा हातच थांबलाय की काय अशा नजरेनं, माझ्याकडे बघत होत्या. त्यानंतर मी डेप्थ दोनतृतीयांशाच्या पुढे नेत नाही, आणि नेलीच तर मागे एक बूस्टर (आवाज वाढवणारं पेडल) ठेवतो. बूस्टरचे पैसे धरले तर बेहरिंगरचा स्वस्तपणा थोडा उतरतो, पण बॉसलाही तो लागतोच.

पेडलांच्या रांगेत जागा कुठली? ओव्हरड्राइव्हच्या नंतर. आधी लावलात तर आवाजाऐवजी खरखर कमीजास्त होते, तेही कधी कधी छान लागतं. रिव्हर्बच्या आधी की नंतर यावर वाद आहे. फेंडरच्या जुन्या ‘ब्लॅकफेस’ (काळ्या पट्टीच्या) अ‍ॅम्पमध्ये ट्रेमोलो रिव्हर्बच्या नंतर येतो, म्हणून घुमाऱ्याच्या शेपटासकट सगळा आवाज थरथरतो. मला तोच आवडतो.

माझं मत विचाराल तर: घरी वाजवणाऱ्यानं, आणि ट्रेमोलो आपल्याला आवडेल की नाही हेच ठाऊक नसलेल्यानं, बेहरिंगर घ्यावा, कारण वेव्हच्या नॉबमुळे दोन्ही चवी कळतात. महिन्याला दोन-चार कार्यक्रम करणाऱ्यानं, ज्याला मऊ लाट पुरते, जोयो. दोन्ही लाटा हव्या आणि पायाखाली भक्कमही हवं, तर नवा नको, वापरलेला बॉस शोधावा. धातूच्या डबीवरचे ओरखडे आवाजात उतरत नाहीत.

कुठलाही घ्या, दुकानात स्वतःची गिटार घेऊन जा. अडॅप्टर ९ व्होल्टचा, सेंटर निगेटिव्ह (पिनचा मधला भाग ऋण) आहे ना ते बघा. वेग मध्यावर, डेप्थ पूर्ण, वेव्ह असेल तर चौकोनी करा, मग गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणून कान अ‍ॅम्पला लावा. लाटेच्या ठेक्यात घड्याळासारखी टक-टक ऐकू आली तर आधी दुसरा अडॅप्टर लावून बघा, तरी राहिली तर दुसरा पीस मागा.